घरसंसार : जमिनीवर काय अंथरावे?



मोठ्या घरांत गालिचा हा शोभेसाठी असतो. तिथे बसायला सोफा असतो, झोपायला पलंग असतो, जेवायला टेबल असते. गालिच्यावर नुसती पावले पडतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र जमीन हीच बैठक. तिथेच पाहुणे बसतात, तिथेच ताटे मांडली जातात, तिथेच मुले दप्तर पसरून अभ्यास करतात आणि रात्री तिथेच अंथरुणे पडतात. म्हणून जमिनीवर काय अंथरावे हा आपल्यासाठी शोभेचा प्रश्न नाही. तो आरोग्याचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

नालासोपारा पूर्वेकडील एका भगिनीने हाच प्रश्न विचारला आहे. घर चाळीत, तळमजल्यावर. घरात दोन शाळकरी मुले आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. भिशीचे चार हजार रुपये हाती आले आहेत. दारावर आलेल्या फेरीवाल्याने मऊ, चमकदार गालिचा उलगडून दाखवला. "काश्मिरी सिल्क आहे ताई, निम्मे पैसे आता द्या, निम्मे पुढच्या महिन्यात," असे तो म्हणाला. मुलांना गालिचा फार आवडला. मालक म्हणतात, प्लास्टिकची चटई आणा, फडके मारले की काम झाले. सासूबाई म्हणतात, सुती सतरंजीसारखे दुसरे काही नाही. भगिनी विचारते, "तिघांत खरे कोणाचे धरू?"

उत्तर देण्यापूर्वी धाग्याचा स्वभाव समजून घेऊ. माणसाचा स्वभाव कळल्याशिवाय सोयरीक करीत नाहीत, तसेच हे आहे.

धाग्याचा स्वभाव

धागे ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिले निसर्गातून येणारे. कापसाचे सूत, ताग, नारळाचा काथ्या हे झाडापासून मिळतात, तर लोकर मेंढीपासून. दुसरे कारखान्यात रसायनांपासून तयार होणारे. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला, पॉलिस्टरचा इंग्लंडात १९४१ साली, तर चटया आणि स्वस्त गालिचे ज्यापासून होतात ते पॉलिप्रॉपिलीन १९५४ साली इटलीत तयार झाले. आपल्याकडे पॉलिस्टर आधी टेरीन आणि टेरीकॉट या नावांनी घरात शिरले. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक आणि पॉलिस्टरचा धागा ही मुळात एकच वस्तू आहे. जुन्या बाटल्या वितळवून त्यांचा धागाही काढतात.

या दोघांतला मोठा फरक पाण्याशी असलेल्या नात्याचा. साधारण दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडी लोकर हवेतला सुमारे सोळा ग्रॅम ओलावा शोषून घेते. ताग तेरा-चौदा ग्रॅम घेतो, कापूस आठ ग्रॅमच्या आसपास. नायलॉन चार ग्रॅम घेते, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच नाही.

एवढ्यावरून कितीतरी गोष्टी उलगडतात. मे महिन्यात वीज गेली की सुती सतरंजीवर पाठ टेकवत येते, कारण अंगाचा घाम सूत पिते. प्लास्टिकच्या चटईवर तोच घाम पाठीखाली साचतो आणि उठताना कातडी चटईला चिकटते. आपल्या आज्यांच्या वाकळा का गार लागत, हेही इथे कळते. त्या जुन्या सुती लुगड्यांच्या होत्या. आज त्याच हाताने, त्याच टाक्याने पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी शिवली तरी ती निसरडी आणि गरम होते. टाका तोच, धागा बदलला.

पण हाच सुताचा गुण पावसाळ्यात दोष होतो. कसा, ते पाहू.

आपल्याकडची हवा

आपला वसई-विरारचा पट्टा समुद्र, खाडी आणि मिठागरे यांच्यामध्ये वसलेला. पावसाळ्यात हवा सतत दमट असते, तळमजल्याच्या फरशीला घाम फुटतो. जुलै २०१८ मध्ये इथे पाणी तुंबले आणि नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय भिजले आणि काय फेकून द्यावे लागले, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक.

अशा हवेत सुती सतरंजी ओल धरते. चार दिवस ऊन पडले नाही की कुबट वास येतो, मग बुरशीचे काळे ठिपके दिसतात. ताग तर ओला झाला की कमजोर होतो आणि त्यावर तपकिरी डाग उमटतात. सुताची गोष्ट उलटी आहे. ओले सूत कोरड्यापेक्षा मजबूत असते, म्हणून सतरंजी धोपटून धुतली तरी फाटत नाही. काथ्या ओलीला चांगला टिकतो, पण टोचतो. त्याची जागा उंबऱ्याबाहेर, पायपुसण्याची. लोकरीला कसर लागते. आपल्याकडचे धनगरी घोंगडे उबेला उत्तम. चिंचोक्याची खळ देऊन ते कडक केलेले असते. पण दमट किनारपट्टीवर ते बारा महिने जमिनीवर पसरून ठेवण्याची वस्तू नव्हे.

मग प्लास्टिकची चटई बरी का? ती स्वतः भिजत नाही, बुरशी तिला खात नाही, फडक्याने पुसली की कोरडी होते. पण तिच्याखाली बघा. फरशीतून येणारी ओल चटईखाली अडकते आणि वास तिथून येतो. रोज उचलून फरशी पुसली नाही, तर चटई म्हणजे ओलीवर घातलेले झाकण होते. शिवाय पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. गॅलरीत कायम उन्हात टाकलेली चटई काही काळाने कडक होते, तिच्या काड्या मोडू लागतात आणि त्याचा भुगा घरभर होतो. म्हणून चटई सावलीत वाळवा आणि सतरंजी उन्हात.

गालिच्याचे केस

आता फेरीवाल्याच्या गालिच्याकडे वळू. गालिच्याला उभे केस असतात, सतरंजीला नसतात. दम्याच्या माणसासाठी सूत की प्लास्टिक यापेक्षाही हा फरक महत्त्वाचा आहे. केसांच्या मुळाशी धूळ बसते, अन्नाचे कण बसतात, माणसाच्या कातडीचा भुसा बसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे जगतात आणि दमट हवेत त्यांची फार वाढ होते. त्यांची विष्ठा श्वासावाटे आत गेली की अनेकांचा दमा उसळतो. झाडूने वरची धूळ निघते, मुळाशी असलेली निघत नाही. धुवावा तर गालिचा चाळीच्या मोरीत मावत नाही, आणि भिजला तर पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही. त्याच्या पाठीला चिकटवलेले रबरही दमट हवेत काही वर्षांनी सुटते आणि त्याची पांढरी भुकटी पडू लागते.

म्हणून ज्या घरात दम्याचे माणूस किंवा रांगते मूल आहे, त्या घरात केसांचा गालिचा आणू नये. मग तो खऱ्या लोकरीचा असो की नायलॉनचा.

"सिल्क" म्हणजे काय?

काही हजारांत खोलीभर मिळणारा गालिचा खऱ्या रेशमाचा असू शकत नाही. रेशमाच्या नावाखाली बहुधा व्हिस्कोज किंवा पॉलिस्टर असते. "आर्ट सिल्क" यातील "आर्ट" म्हणजे कला नव्हे, "आर्टिफिशियल" म्हणजे कृत्रिम याचे ते तोकडे रूप आहे. हल्ली "बांबू सिल्क" असेही नाव ऐकू येते, तेही व्हिस्कोजच. व्हिस्कोज लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून करतात. दिसायला देखणे, पण ओले झाले की कमकुवत होते. चहा सांडला, भिजवून पुसला, की त्या जागेची झळाळी गेलीच म्हणून समजा.

सतरंजीतही फसवणूक आहे. सतरंजी म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू सुती नसते. जुन्या कपड्यांचा पिंजून काढलेला मिश्र धागा, त्यात ॲक्रिलिक, पॉलिस्टर सगळे आले, अशा सतरंज्याही बाजारात असतात. पानिपत हे शहर अशा धाग्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या स्वस्त असतात, त्या घेणे हा काही गुन्हा नाही. पण सुताचा भाव देऊन त्या घेऊ नयेत.

ओळखायचे कसे? दुकानदाराला विचारून कडेचे दोन-तीन धागे काढून घ्या. ते चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर, मुले जवळ नसताना पेटवून पहा. कागद जळल्याचा वास आला आणि राख राखाडी, बोटांत चुरगळणारी असली, तर ते सूत किंवा व्हिस्कोज. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा खरे रेशीम. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी झाला, तर कारखान्याचा धागा. ज्या "काश्मिरी सिल्क"चा मणी होतो ते सिल्क नव्हे, आणि ज्याला कागदाचा वास येतो तेही नव्हे. धागा काढू द्यायलाच विक्रेता तयार नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळाले.

आणखी एक परीक्षा. पांढरे फडके ओले करून सतरंजीवर जोराने घासा. रंग लागला तर तो रंग उद्या मुलांच्या गणवेशाला लागणार.

मेणबत्ती, अगरबत्ती आणि गॅस

आपल्या घरात बाबासाहेबांच्या आणि भगवान बुद्धांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते. एकाच खोलीत दोन पावलांवर गॅसही असतो. म्हणून आगीचा विचार केलाच पाहिजे. लोकर सहज पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. सूत पेटते, धुमसते, पण वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीन एकशे साठ-पासष्ट अंशांना वितळते, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे. अगरबत्तीचा निखारा पडला की चटईला भोक पडते ते यामुळे. भोकाचे दुःख नाही. पण पेटलेले प्लास्टिक वितळून अंगावर पडले तर कातडीला चिकटते आणि खोलवर भाजते. प्रतिमेसमोर आणि गॅससमोर चटई वा गालिचा कधीही अंथरू नका. तेवढी फरशी उघडीच ठेवा.

डागांचेही सांगते. सुतावर हळद बसली तर घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. तेलाची गोष्ट वेगळी. पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याशी फटकून वागतात, पण तेलाशी त्यांचे चांगले जमते. जिथे ताटे मांडली जातात तिथे केसांचा पॉलिस्टर गालिचा असेल, तर दर जेवणागणिक तो काळा पडत जाणार.

सूत आपल्याला परके नाही

कोणी म्हणेल, सतरंजीचे एवढे काय सांगायचे? पण सुताशी आपले नाते जुने आहे. नागपूरकडचे आपले पूर्वज जाडेभरडे कापड विणत. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे, पण अधिक पगाराच्या विणाई खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यात धागा ओढायला तो तोंडाने शोषावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबे विरार-नालासोपाऱ्याकडे आली. ज्यांच्या घरात कोणी साच्यावर उभे राहिले आहे, त्यांनी कापड चकाकीवर घेऊ नये. हाताने चाचपून, उलटून, विणीची घट्टी पाहून घ्यावे.

विणणारे हात कोणाचे, हेही पाहावे. हाताने गाठी मारून केलेल्या गालिच्यांच्या धंद्यात एके काळी लहान मुलांना मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने गालिचा विणण्याच्या कामावर मुलांना ठेवण्यास बंदी केली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना बहुतेक सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई झाली. बालमजुरीशिवाय केलेल्या गालिच्यांना ओळखीची खूण मिळावी म्हणून १९९४ साली "रगमार्क" सुरू झाले, आज ते "गुडवीव्ह" नावाने चालते. हातमागाच्या मालावर २००६ पासून "हॅण्डलूम मार्क" मिळतो. शक्य असेल तेव्हा अशी खूण पाहून घ्या. आपली मुले शाळेत जावीत म्हणून आपण झटतो. दुसऱ्याच्या मुलाने शाळा सोडून मारलेली गाठ आपल्या पायाखाली नको.

हिशोब

किंमत विचारताना वस्तू किती वर्षे टिकेल हे धरून हिशोब करा. समजा, सतरंजी बाराशेची आणि सहा वर्षे टिकली, तर वर्षाला दोनशे पडले. समजा, गालिचा चार हजारांचा आणि चार वर्षांत केस बसून, वास येऊन टाकावा लागला, तर वर्षाला हजार पडले. धुण्याचा खर्च वेगळा. हे आकडे केवळ उदाहरणाचे, तुमचे भाव घालून तुम्ही करून पहा. आणि हप्त्यावर तर घेऊच नका. हप्ता संपायच्या आत केस बसतात.

धुण्याच्या हिशोबात कष्टही धरा. जिथे पाणी टँकरने येते तिथे मोठी सतरंजी धुणे म्हणजे एका दिवसाचे पाणी. ती भिजली की एकटीला उचलत नाही. म्हणून एक मोठी घेण्याऐवजी दोन लहान घ्या. एक वापरात, एक वाळत. पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी करा. सूत थोडे आटते, म्हणून मापाला चार बोटे जास्त घ्या. आणि सतरंजी झटकणे, पिळणे, दोरीवर टाकणे हे बाईनेच करायचे असे कोठे लिहिलेले नाही. रविवारी मालकांनी एक टोक धरावे, मुलाने दुसरे.

विहारासाठी

हाच विचार विहाराच्या समितीनेही करावा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो. म्हणजे वर्षातली सर्वांत दमट हवा असते तेव्हाच लोक रोज संध्याकाळी जमिनीवर बसून ग्रंथवाचन ऐकतात. अशा वेळी भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट नको. ते उचलता येत नाही, त्याखालची ओल दिसत नाही, आणि म्हातारी माणसे त्यावर तास तास श्वास घेतात. दोघांना घडी घालता येतील अशा सुती पट्ट्या घ्याव्यात. खाली प्लास्टिकची चटई टाकली तर सूत फरशीची ओल पीत नाही. वाचन संपले की दोन्ही उचलून, चटई पुसून, पट्ट्या दोरीवर टाकाव्यात.

थोडक्यात उत्तर

नालासोपाऱ्याच्या भगिनीने गालिच्याला नकार द्यावा, सासूबाईंच्या दम्यासाठी आणि चार हजारांसाठीही. मग मालकांचे आणि सासूबाईंचे, दोघांचेही ऐकावे. जून ते सप्टेंबर चटई खाली आणि पातळ सतरंजी वर. रोज रात्री अंथरुणे टाकण्यापूर्वी दोन्ही उचलून फरशी कोरडी पुसावी. पाऊस संपला की चटई गुंडाळून ठेवावी आणि सतरंजी एकटी वापरावी. दोन लहान सतरंज्या आणि एक चटई घेऊन जे पैसे उरतील ते मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी ठेवावेत.

सूत चांगले की प्लास्टिक, असा सरसकट निकाल देता येत नाही. घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू मला उचलता येईल का? माझ्या मोरीत धुता येईल का? आपल्या पावसात ती वाळेल का? तिन्हींना "होय" आले तरच पैसे मोजा.